तोच ट्रक, तोच ड्रायव्हर, मग पहिल्याचा सहावा कसा झाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शार्लटच्या लंबगोल ट्रॅकवर नॅस्कार या अमेरिकन रेसिंग संस्थेच्या ट्रक सिरीजची रेस पाहिली. एक ट्रक पहिल्या टप्प्यात सगळ्यांच्या पुढे दोन सेकंदांनी पळत होता. पिवळा झेंडा आला (म्हणजे सगळ्यांनी वेग कमी करून रांगेत चालायचं), टायर-पेट्रोलसाठी पिट स्टॉप झाले, तो बाहेर पडला तेव्हा सहावा होता, आणि मग शेवटपर्यंत तिथेच अडकला. टायर नवे, बिघाड काही नाही, तरी पुढे का सरकला नाही? शिवाय तुम्ही विचारलंत की फक्त डावीकडेच वळायचं असेल तर सेटिंग करायला उरतं काय, आणि 134 लॅपची रेस 134 लॅपवर का संपली नाही.

मी नॉर्थ कॅरोलायनात मूर्सव्हिलजवळ एका ट्रक टीममध्ये रेस इंजिनिअर आहे. तुम्ही फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी रेसची गाडी बांधता म्हणालात, म्हणून थोड्या आकडेमोडीसकट सांगतो.

आधी एक गोष्ट. ‘ट्रक रेसिंग’ म्हटलं की आपल्याकडे बऱ्याच जणांना 2014 पासून काही वर्षं बुद्ध सर्किटवर झालेल्या टाटा प्रायमाच्या रेस आठवतात. ते अवजड मालवाहू ट्रक. हे पिकअप आहेत, आणि तेही फक्त दिसायला. बाहेरून शेव्हरोले सिल्व्हराडो, फोर्ड एफ-150, टोयोटा टुंड्रा आणि 2026 पासून पुन्हा रॅम. आतमध्ये स्टीलच्या नळ्यांची चासी, पुढे व्ही-8, चार गिअरचा हाताने टाकायचा गिअरबॉक्स आणि मागे अखंड ॲक्सल. तो ॲक्सल ज्या दोन लांब दांड्यांनी चासीला जोडतात, त्यांना इथे ट्रक आर्म म्हणतात. ती रचना 1960 च्या दशकातल्या शेव्हरोले पिकअपवरून उचलली. रेसच्या मोटारींनी ती घेतली, आणि 1995 ला पिकअपची सिरीज सुरू झाली तेव्हा ती अशी फिरून पिकअपमध्ये परत आली.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारताय की वेगवान ट्रक हळू का झाला. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: तो ट्रक वेगवान होता, की त्याच्या पुढची हवा मोकळी होती? दीड मैली ट्रॅकवर या दोन गोष्टी वेगळ्या काढणं हेच आमचं निम्मं काम आहे.

पिकअपचा आकार डोळ्यासमोर आणा. उंच केबिन, तिची मागची बाजू जवळजवळ सरळ तुटलेली, त्यामागे वरून झाकलेला हौदा आणि टोकाला स्पॉयलर, म्हणजे हवा अडवणारी उभी पट्टी. हवेत एवढं मोठं भगदाड पाडणारी दुसरी गाडी नॅस्कारमध्ये नाही. हायवेवर एसटीच्या मागे दुचाकी घातली की वारा लागेनासा होतो, पण हँडल मात्र हलकं होऊन डगमगायला लागतं. ट्रकच्या मागे शिरलेल्या ट्रकचं हेच होतं. सरळ पट्ट्यावर पुढच्याच्या आडोशाने फुकट वेग मिळतो. वळणात तोच आडोसा महागात पडतो, कारण पुढच्या बंपरखालची आडवी फळी, म्हणजे स्प्लिटर, ताज्या हवेवर चालते. हवा घुसळलेली आली की नाकावरचा दाब कमी होतो, पुढचे टायर पकड सोडतात आणि ट्रक वळायचं सोडून भिंतीकडे सरकतो. याला आम्ही टाइट म्हणतो. तुम्ही अंडरस्टीअर म्हणत असाल.

इथे इंजिनाचा संबंध येतो. 2018 पासून या सिरीजमध्ये इल्मोर कंपनीचं 396 घनइंची, म्हणजे साधारण साडेसहा लिटरचं इंजिन भाड्याने मिळतं, आणि बहुतेक टीम तेच वापरतात. त्यामुळे ताकदीत फरक फारसा उरत नाही. नव्या टायरवर मोकळ्या हवेतला ड्रायव्हर शार्लटला जवळजवळ पूर्ण लॅप ॲक्सिलरेटर दाबूनच असतो. याचा अर्थ असा की गेलेला वेग परत आणायला हातात शिल्लक काही नसतं. मागच्या ड्रायव्हरला टाइटपणामुळे वळणात क्षणभर पाय उचलावा लागला, तर तो वेग भरून यायला पुढचा अख्खा सरळ पट्टा जातो. तोवर दुसरं वळण आलेलं असतं, आणि तिथे पुन्हा पाय उचलायचा.

आकड्यांत बघा. शार्लट दीड मैलाचं, म्हणजे 2.4 किलोमीटरच्या वर. लॅप साधारण 30 सेकंदांचा, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला 80 मीटर, ताशी 290 किलोमीटरच्या घरात. मोकळ्या आणि घुसळलेल्या हवेत लॅपमागे फक्त 0.2 सेकंदाचा फरक धरा. तो झाला 16 मीटर, म्हणजे तीन ट्रकांची लांबी. दहा लॅपमध्ये दोन सेकंद. तुम्ही पाहिलेली दोन सेकंदांची आघाडी ती हीच असू शकते. त्यातला किती भाग ट्रकचा आणि किती मोकळ्या हवेचा, हे नुसतं चित्र बघून सांगता येत नाही.

मग तो सहावा का झाला? मी ती रेस त्या टीमच्या रेडिओवर ऐकलेली नाही, त्यामुळे तर्क सांगतो. 2017 पासून रेस तीन टप्प्यांत होते. पहिले दोन टप्पे संपताना पहिल्या दहा जणांना 10 पासून 1 पर्यंत गुण मिळतात. काही क्रू चीफ, म्हणजे टीमचे डावपेच ठरवणारे प्रमुख, त्या गुणांवर पाणी सोडतात आणि टप्पा संपायच्या जरा आधीच ट्रक पिटमध्ये आणतात. पुढे असलेला मात्र गुण घेतो आणि टप्पा संपल्यावरच्या पिवळ्यात टायर-पेट्रोलसाठी आत येतो. तो बाहेर पडेपर्यंत आधी आवरलेले चार-पाच जण पुढे उभे असतात. दुसरी शक्यता, काहींनी दोनच टायर बदलले आणि त्याने चार. एखादा नट अडकला तरी तेच होतं. ट्रकच्या चाकाला अजून पाच नट असतात, नॅस्कारच्या सर्वोच्च कप सिरीजसारखा मधोमध एक नाही.

पुढचं नुकसान रीस्टार्टला, म्हणजे पिवळ्यानंतर रेस पुन्हा सुटताना होतं. ट्रक दोन-दोनच्या जोडीने सुटतात आणि आतली रांग की बाहेरची हे प्रत्येक ड्रायव्हर आधी स्वतः निवडतो. हिरवा झेंडा पडल्यावरच्या दोन-तीन लॅपमध्ये सगळे एकमेकांना चिकटून असतात, आणि जागा कमवायची ती तेव्हाच. त्यानंतर रांग लागते, हवा बसते आणि मागच्यांचे हात बांधले जातात. शेजारून जाणंही सोपं नसतं. ट्रकची बाजू म्हणजे मोठा सपाट पत्रा. तुमच्या मागच्या उजव्या कोपऱ्याशी कुणी नाक आणून ठेवलं की तिथली हवा बिघडते आणि तुमचा मागचा भाग बाहेर निसटायला लागतो, म्हणजे लूज. सरळ पट्ट्यावर हेच केलं तर तुमच्या स्पॉयलरवर हवा ढकलली जाऊन तुमचा वेग मरतो. याला साइड ड्राफ्ट म्हणतात आणि चांगले ड्रायव्हर तो हत्यारासारखा वापरतात. मुलं या सिरीजमध्ये येतात तेव्हा सगळ्यात उशिरा शिकतात ती गोष्ट हीच, कारण ती सिम्युलेटरवर पूर्ण कळत नाही.

टायर तर वेगळाच विषय आहे. सहाव्या क्रमांकावरच्या ट्रकचे पुढचे टायर घसरत असतात. घसरले की तापतात, तापले की आणखी घसरतात. दहा लॅपनंतर हवा मोकळी झाली तरी उजवा पुढचा टायर मेलेला असतो. म्हणून मागे पडण्याची किंमत दोनदा मोजावी लागते, आधी हवेत आणि मग रबरात. पाहणाऱ्याला वाटतं ड्रायव्हरने हिंमत सोडली. बहुतेक वेळा तो टायर वाचवत असतो, आणि ते बरोबर असतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण उत्तर त्यातच दडलंय. डावीकडेच वळायचं म्हणून सेटिंग सोपं होत नाही. ट्रक मुद्दाम वाकडा बांधावा लागतो आणि किती वाकडा यावर सगळं चालतं. वजन डावीकडे जास्त, डाव्या टायरमध्ये हवा कमी, चारही कोपऱ्यांच्या स्प्रिंग वेगळ्या. मागच्या उजव्या टायरचा परिघ डाव्यापेक्षा मोठा, त्याला स्टॅगर म्हणतात. त्याचा हिशोब तुम्हीच करून बघा: मागच्या चाकांतलं अंतर दीड मीटर, वळणाची त्रिज्या 200 मीटर, तर बाहेरच्या चाकाला पाऊण टक्का जास्त अंतर कापायचंय. सव्वादोन मीटरच्या परिघावर हे 17 मिलिमीटर होतात. प्रत्यक्षात त्याहून थोडा जास्त स्टॅगर चालतो. मार्टिन्सव्हिलसारख्या आवळ वळणांच्या ट्रॅकवर हा आकडा कितीतरी वाढतो.

बँकिंगचंही तसंच. शार्लटची वळणं 24 अंशांनी कललेली आहेत. वळणात सेकंदाला 75 मीटर वेग आणि तीच 200 मीटर त्रिज्या धरली, तर रस्त्याला लंब दिशेत सुमारे 2.1 जी येतो. म्हणजे दीड टनाचा ट्रक टायरवर तीन टनांहून जास्त वजनाने बसतो, तेही हवेचा दाब मोजण्याआधी. सस्पेन्शन दबतं, नाक रस्त्याला टेकायला येतं. स्प्लिटर जमिनीच्या जितका जवळ तितका दाब जास्त, पण घासला की पुढच्या टायरवरचं वजन उडतं आणि ट्रक सरळ भिंतीकडे जातो. या दोन्हींमधली जागा फार अरुंद असते. दबलेल्या अवस्थेत ट्रक किती उंचीवर राहील, हे ठरवण्यात आमचा आठवड्यातला सगळ्यात जास्त वेळ जातो.

रेसमध्ये बदलण्यासारखं थोडंच असतं. मागच्या काचेतल्या भोकातून लांब पाना घालून स्प्रिंगवरचा बोल्ट फिरवतात, त्याने उजव्या पुढच्या आणि डाव्या मागच्या कोपऱ्यांवरच्या वजनाचा वाटा बदलतो. याला वेज म्हणतात. वेज वाढवला की टाइट, काढला की लूज. ॲक्सलला आडवा धरणारा ट्रॅक बार वर घेतला की ट्रक लूज होतो. मागच्या उजव्या टायरमध्ये अर्धा-एक पीएसआय वाढवला तरी लूज. यापलीकडे फारसं काही हातात नसतं. सरावाचा वेळही इतका कमी मिळतो की चुकीचं सेटिंग घेऊन आलात तर ते ट्रॅकवर दुरुस्त होत नाही.

आणि खरी निवड आहे ती इथे. ट्रक एकटा पळताना अगदी समतोल बांधला, तर गर्दीत शिरला की टाइट होणारच, कारण हवा फक्त नाकावरची जाते. गर्दीत वळावा म्हणून आधीच थोडा लूज बांधला, तर पुढे गेल्यावर ड्रायव्हरच्या हातून मागचा भाग सुटू पाहतो आणि क्वालिफाइंगही, म्हणजे सुटण्याचा क्रम ठरवणारी फेरीही, कच्ची होते. दोन्हीकडे सारखाच चांगला असा ट्रक मी तरी पाहिलेला नाही. तुम्ही पाहिलेल्या टीमने, माझ्या अंदाजाने, पहिला रस्ता धरला होता. पुढून सुटायचं, पुढेच राहायचं. तो रस्ता चुकीचा म्हणता येत नाही. पिटच्या वेळी तो मागे पडला नसता तर तुम्ही मला विचारलं असतंत की बाकीचे इतके हळू का.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मी थोडा लूज ट्रक पसंत करतो, विशेषतः ड्रायव्हर अनुभवी असेल तर. रेसमध्ये एकदा तरी मागे पडणं होतंच. पण ड्रायव्हर एकोणीस वर्षांचा आणि दीड मैली ट्रॅकवर नवा असेल, तर मी हा हट्ट धरत नाही. लूज ट्रक ताशी 280 च्या वेगाने फिरला की भिंत फार लवकर येते, आणि मुलाचा विश्वास एकदा उडाला तर तो पाना फिरवून परत आणता येत नाही.

एक अडचण आमच्याही हातात नाही. कॉनकॉर्डमध्ये विंडशिअर नावाचा वायुबोगदा आहे, त्यात जमीनही फिरते आणि खरा ट्रक आत घालता येतो. पण एकच ट्रक. रेस ज्या अवस्थेत ठरते, म्हणजे दुसऱ्याच्या मागे तिरकं, अर्ध्या ट्रकाच्या अंतरावर, ती अवस्था तिथे उभी करता येत नाही. तिथे आधार सीएफडीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या हवेच्या प्रवाहाच्या हिशोबाचा, आणि ड्रायव्हर रेडिओवर काय सांगतो त्याचा. म्हणून ड्रायव्हर ‘टाइट आहे’ म्हणाला की माझा पहिला प्रश्न असतो, ‘कुणाच्या मागे असताना, आणि किती जवळ?’ या उत्तराशिवाय पाना हातात घेऊ नये. मोकळ्या हवेत बरा असलेला ट्रक गर्दीतल्या तक्रारीवरून लूज केला, की गर्दी सुटल्यावर तो आणखी बिघडतो.

हे सगळं शार्लटसारख्या ट्रॅकपुरतं. जागा बदलली की उत्तर उलटतं. डेटोनाला, अडीच मैल आणि 31 अंशांच्या बँकिंगवर, पुढे राहून कुणी पळून जाऊच शकत नाही. मागची रांग ढकलत येते आणि एकट्या पुढच्याला गिळते. तिथे हवेचा अडथळा कमी करण्याला इतकी किंमत आहे की मागच्या भागाची किमान उंचीही मोजली जाते, कारण शेपूट खाली बसलं की स्पॉयलर केबिनच्या आडोशाला जातो. 2025 च्या डेटोना रेसमध्ये पार्कर क्लिगरमन पहिला आला, पण रेसनंतरच्या तपासणीत मागची उंची कमी भरली, त्याला बाद केलं आणि विजय कोरी हाइमकडे गेला. मार्टिन्सव्हिलला अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर हवेचं फारसं चालत नाही. तिथे ब्रेक, वळणातून बाहेर पडताना मागच्या टायरची पकड आणि बंपर. डार्लिंग्टनचा खरबरीत रस्ता टायर खातो, त्यामुळे मागून येणाऱ्याला खरी संधी तिथे असते. शार्लटलाही संध्याकाळी सुरू झालेली रेस रात्री संपते, रस्ता थंड होत जातो आणि सुरुवातीला बरोबर वाटलेला ट्रक दोन तासांनी वेगळाच वागतो. तुमच्या त्या ट्रकच्या बाबतीत हाही एक भाग असेल.

पुढच्या वेळी पाहताना क्रमांक सोडा आणि लॅपच्या वेळा बघा. रीस्टार्टनंतर दहाव्या ते पंधराव्या लॅपदरम्यान सहाव्याची वेळ पहिल्याच्या 0.1 सेकंदाच्या आत असेल, तर ट्रक चांगला आहे आणि फक्त अडकलाय. फरक वाढतच गेला, तर टायर संपतायत, म्हणजे सेटिंग चुकलंय. तो ड्रायव्हर पुढच्याच्या मागोमाग न जाता एक रांग वर, भिंतीजवळ जाऊन नाक मोकळ्या हवेत काढतोय का, तेही बघा. तिथे लांबचा रस्ता पडतो, पण पाय उचलावा लागत नाही.

राहिला 134 लॅपचा प्रश्न. रेस पिवळ्या झेंड्याखाली संपू नये असा या सिरीजचा सुरुवातीपासूनचा आग्रह आहे. शेवटी अपघात झाला तर रस्ता साफ करेपर्यंत लॅप मोजले जातात, आणि मग हिरवा झेंडा देऊन दोन लॅपची जादा धाव होते. पुढच्याने शेवटच्या लॅपचा पांढरा झेंडा घेतला की त्यानंतर जो झेंडा पडेल तो शेवटचा. कप सिरीजने ही पद्धत 2004 ला घेतली, ट्रक सिरीजमध्ये ती आधीपासून होती. क्रू चीफसाठी याचा अर्थ एवढाच की टाकीत नेहमी चार-सहा लॅपचं जास्त पेट्रोल ठेवायचं, आणि त्या वजनाचा भार सोसायचा.

तुमच्या गाडीबद्दल शेवटी विचारलंय की यातलं काही तिथे उपयोगी पडेल का. स्टॅगर आणि डावं वजन विसरा, तुम्हाला दोन्हीकडे वळायचंय. पण पुढचा विंग फक्त सरळ हवेत तपासून थांबू नका. गाडी पाच-सहा अंश तिरकी करून, नाक आणि शेपूट यांच्यावरच्या दाबाचं प्रमाण किती बदलतं ते सीएफडीमध्ये काढा. एकूण दाब थोडा कमी मिळाला तरी चालेल, पण हे प्रमाण कमीत कमी हलेल असा विंग निवडा.